शेलाटी आणि नववं कलम

तळमजल्यावरच्या खिळेमावशींना लिहितावाचता येत नाही, अशी आवई आमच्या इमारतीत उठली तेव्हा तिच्यामागे पुरावा भक्कम होता. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळची सव्वासातची वेळ, दार अर्धं उघडं, मावशी दाराशी स्टुलावर बसलेल्या, मांडीवर वर्तमानपत्र, आणि ते चक्क उलटं. चुकून म्हणावं, तर मावशींनी पान उलटलं तरी पुढचंही उलटंच धरलं आणि वर समाधानाने मान डोलावली. शिंपीणबाई दोरा ओवायला ज्या खिडकीत बसतात तिथून हे सगळं नीट दिसतं. उजेडासाठी ती खिडकी निवडली असं त्या सांगतात. असेलही.

दुपारपर्यंत बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि वाटेत तिला हातपाय फुटले. मावशी छापखान्यात खिळे जुळवत नाहीत, झाडलोट करतात. पगाराच्या कागदावर अंगठा उठवतात. नवऱ्याला अजून पत्ता नाही. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल राहतात. त्यांचं मन मोठं. ते दुसऱ्याच दिवशी खाली उतरले.

"वयाचा संकोच धरू नका," ते म्हणाले. "रोज अर्धा तास दिलात तर वर्षभरात दुकानांच्या पाट्या वाचाल."

मावशींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, समोर बसल्या आणि त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "हा अर्ज घरमालकांना द्यायचाय वाटतं. 'तळमजल्यावरील घड्याळांच्या ठोक्यांमुळे माझ्या दुपारच्या झोपेचा सातत्याने भंग होत असून.' पुढच्या ओळीत 'सातत्याने' पुन्हा आलंय. एक काढा, ओळ वाचेल."

कागद ग्रंथपालांच्या बाजूने सरळ होता, म्हणजे मावशींच्या बाजूने उलटा. ग्रंथपालांनी तो घडी करून खिशात घातला, घड्याळांची ख्यालीखुशाली विचारली आणि जिना चढून गेले. शिकवणीचा विषय तिथेच मिटला.

खरी गोष्ट अशी, की मावशींना वाचता येतं, जरा नको तितकंच येतं. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. ती एकेक उचलून हातातल्या लोखंडी पट्टीत उभी करायची, म्हणजे ओळ तयार होते. त्या ओळीतलं अक्षर डोकं खाली करून उभं आणि आरशातल्यासारखं उलटं असतं, कागदावर उमटल्यावर सुलट होतं. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगाच्या दोन्ही बाजू सारख्याच. आणि वर्तमानपत्र त्या मुद्दाम उलटं धरत, कारण सुलट धरलं की बातम्या मधेमधे येतात. उलट्या पानात शब्द गप्प बसतात. उरतं ते नुसतं काळं आणि पांढरं. मग कुठे ओळींनी दाटी केलीय, कुठे दोन शब्दांच्या मधे उगाच खिंड पडलीय, कुठे पानाला श्वास घ्यायला जागा आहे, ते दिसतं.

"दुसऱ्यांच्या बायका पेपर वाचून घरी बातम्या सांगतात," मावशींची नणंद म्हणते. "आमच्याकडे काय कळतं, तर आज तिसऱ्या पानावर हवा खेळती आहे."

ही नणंद थोरली. मावशी तिला वन्सं म्हणतात आणि बाकी सगळे तिला वचकून असतात. दोन खोल्यांत तीन माणसं: मावशी, वन्सं आणि मावशींचे यजमान. यजमान घड्याळजी. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीतच त्यांचं दुकान. आत एक अरुंद टेबल, त्यावर पांढरं फडकं, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि झाकणाच्या डब्यांत मुंगीच्या पायाएवढे स्क्रू. लोक रस्त्यावरून जाताजाता घड्याळ आत देतात, आठवड्याने त्याच खिडकीतून परत घेतात. या माणसाला दुकानाची पाटी नाही, नाव कुणी विचारत नाही, "खिडकीतले घड्याळजी" एवढ्यावर चार गल्ल्या ओळखतात. खिडकी काढून घेतली तर घड्याळजी उरतील, पण ते कुणाला सापडणार नाहीत.

छापखाना तिथून दहा मिनिटांवर, चपलांच्या दुकानामागच्या लांबट खोलीत. एका बाजूला खिळ्यांचे उतरते खण, दुसऱ्या बाजूला मशीन, मधे एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. मावशी एकोणिसाव्या वर्षी तिथे लागल्या तेव्हा हल्लीच्या मालकांचे, म्हणजे अण्णांचे, वडील गादीवर होते. त्यांना सगळे थोरले अण्णा म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी मावशींना दोन गोष्टी सांगितल्या. एक, इथे जे वाचशील ते इथेच ठेवायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं दुकान बुडालं, ते आपल्याला गावाच्या आधी कळतं, म्हणून आपण गावाच्या नंतरच बोलायचं. दुसरी, मजकूर गिऱ्हाइकाचा. त्यातला काना-मात्रासुद्धा त्याला न विचारता हलवायचा नाही. पण दोन ओळींत किती जागा सोडायची, कुठे पान मोकळं ठेवायचं, हे जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, ठरवायचं. त्यात गिऱ्हाइकाने पडायचं नाही आणि मालकानेही नाही.

त्या छापखान्यात अक्षरांच्या दोन जाती मावशींच्या विशेष बोलण्यात असतात. एकीचं नाव पैलवान. जाड, बुटकं, पोट पुढे काढून उभं राहणारं अक्षर. दुकानांचे सेल, बैठकीच्या नोटिसा, "येथे थुंकू नये," असल्या कामांना ते घ्यायचं. दुसरी शेलाटी. उंच, अरुंद, अंगाने बारीक. तिच्या प्रत्येक रेघेच्या टोकाला नखाच्या कोरीएवढं पाऊल असतं. जाणकार त्याला सेरिफ म्हणतात, मावशी म्हणतात चवडा. "चवड्यांवर चालते ती. आली कधी, बसली कधी, कळत नाही."

शेलाटीचे गुण सांगायला लागल्या की मावशींना भाजी करपल्याचं भान राहत नाही. कवितेची लांब ओळ असली आणि पान छोटं असलं की दुसरं कुठलंही अक्षर ओळीची शेपूट मोडून खाली टाकतं, शेलाटी तीच ओळ एका दमात नेते. लांबलचक नावाची माणसं, अरुंद रकान्यांच्या याद्या, औषधाच्या बाटलीवरची चिंचोळी चिठ्ठी, बारक्या पुस्तकाचा कणा, नाटकाच्या पत्रकात सगळ्यात खाली उभे असलेले पडदा ओढणारे, या सगळ्यांना ती सामावून घेते. लग्नाच्या पत्रिकेत तर तिच्यासारखी तीच. पण तिची दोन पथ्यं आहेत. मशीनचा दाब जरा जास्त झाला की तिची बारीक रेघ तुटते. आणि तिला गर्दीत उभं केलं की ती दिसेनाशी होते. पैलवान शंभरांत उभा केला तरी पैलवानच. शेलाटीच्या चार बाजूंना पांढरं नसेल तर ती नुसता करडा रंग होऊन बसते.

शेलाटी कुठे वापरू नये, हे छापखाना एकदाच शिकला. एका हौशी बंगलेवाल्याने "कुत्र्यापासून सावध राहा" ही पाटी तिच्यात करून घेतली. इतकी नाजूक झाली की काय लिहिलंय ते वाचायला लोक फाटकाला नाक लावून उभे राहू लागले. कुत्रा खूश होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मंगळवारी आमचे घरमालक छापखान्यात आले.

घरमालक माणूस वाईट नाही. केस काळे करतो, इस्त्रीचे कपडे घालतो, चष्मा खिशात ठेवतो. चष्मा लावला की आपण वडिलांसारखे दिसतो असा त्यांचा समज आहे, म्हणून ते जगाकडे हात लांब करून बघतात. बोलणं अगदी मऊ. त्यांनी चार हाताने लिहिलेले कागद अण्णांपुढे ठेवले. इमारतीतल्या बाराही बिऱ्हाडांशी नवा करार करायचा होता.

"मुलीच्या पत्रिकेला जे अक्षर होतं ना, तेच घ्या," ते म्हणाले. "लोक अजून विचारतात, कुठे छापली म्हणून. आणि एका पानात बसवा. दोन पानं झाली की लोक बसून वाचायला लागतात."

मग त्यांना खणांपाशी उभ्या असलेल्या मावशी दिसल्या.

"मावशी, तुम्ही तर घरच्याच. म्हणूनच निश्चिंत आहे. या छापखान्यातलं बाहेर जात नाही, असं माझे वडीलही सांगायचे."

"नाही जात," अण्णा म्हणाले.

मावशींनी नुसती मान हलवली. एकतीस वर्षांत ही खात्री त्यांच्याकडे कुणी मागितली नव्हती, त्यामुळे उत्तर द्यायची सवय नव्हती.

जुळाऱ्याच्या कामात हात पुढे असतो आणि अर्थ मागून येतो. बोटं खिळे उचलत जातात, शब्द काय आहे ते ओळ भरल्यावर कळतं. आरंभीच्या सात ओळी घरमालकांच्या प्रेमळपणाच्या होत्या: ही इमारत म्हणजे एक कुटुंब, वडिलांनी ती कशी जिव्हाळ्याने उभी केली, वगैरे. मग कलमं. पाण्याची वेळ, जिन्यात सायकली, गच्चीची किल्ली. आठवं कलम पायपुसण्यांविषयी होतं. दहावं पत्रपेट्यांविषयी. आणि त्या दोघांच्या मधे, पायपुसणी आणि पत्रपेटी यांच्या सांदीत, नववं:

"मालकाने लेखी कळविल्यापासून तीस दिवसांत भाडेकरू जागा रिकामी करून देईल. कारण सांगण्याचे बंधन मालकावर राहणार नाही."

आधीच्या करारात एक वर्ष होतं. मावशींच्या बोटांनी "कारण" हा शब्द उभा केला तेव्हा मागून अर्थ येऊन धडकला. बोटं थांबली. रस्त्याच्या बाजूची मोठी खिडकी बाराजणांत एकाच बिऱ्हाडाला आहे. तिथे झकपक दुकान निघू शकतं, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

राग आला. पण पुढे त्यांनी शिंपीणबाईंना कबूल केलं, की घराचा राग मागून आला, आधी आला तो शेलाटीचा. म्हणजे शेलाटीवरचा नाही, तिच्या वतीने. ज्या अक्षराने नाटकातल्या शेवटच्या माणसाचंही नाव जगापुढे नेलं, त्याच अक्षराचा कुणी पडदा शिवायला घेतला होता. शेलाटी आवाज करत नाही म्हणून तिच्या हातात हे काम दिलं होतं.

तरी त्यांनी ते सांगितल्याप्रमाणे बसवलं. एकसारख्या ओळी, मधे जागा नाही, सगळं एका पानात. अण्णांनी कच्ची प्रत काढली, उजेडात धरली, वरपासून खालपर्यंत वाचली.

"सुबक झालंय."

"अण्णा, नवव्यात काय आहे?"

"नववं..." अण्णांनी पानावर बोट फिरवलं. आठवं सापडलं, दहावं सापडलं. नवव्याला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं, मावशींकडे पाहिलं, आणि मशीनला तेल घालायला गेले. मशीनला सकाळीच तेल घातलेलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मावशींनी मिठाची गुळणी धरली होती. वन्संच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

"आज कुठल्या पानाला वारा लागला नाही?" वन्संनी विचारलं. "तोंड अगदी कोंदट दिसतंय."

"काही नाही, वन्सं. पाठ धरलीय."

"पाठ धरली की माणूस कण्हतं. गप्प बसतं ते काहीतरी गिळलेलं."

घड्याळजी कुणाच्या तरी बंद पडलेल्या घड्याळाविषयी विचार करत होते. ते मधेच म्हणाले, "मालक भेटले होते खिडकीत. नवा करार येतोय म्हणे. रविवारी सह्या आहेत."

"वाचणार ना तुम्ही?" मावशींनी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? छापलेलं असतं ते. छापलंय म्हणजे कुणीतरी आधी वाचलंच असणार."

मावशींचा घास हातातच राहिला. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं. सांगितलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. वन्संच्या कानावर घातलं असतं तर दोन मिनिटांत बारा बिऱ्हाडांत. पण थोरल्या अण्णांनी सांगितलेली गोष्ट त्यांनी सख्ख्या भावासाठीसुद्धा कधी मोडली नव्हती. आमच्या ग्रंथपालांच्या मुलाची सोयरीक मोडली तेव्हा "समारंभ रद्द" हे पत्र मावशींनीच जुळवलं होतं, आणि आम्हाला ते सगळ्यांत शेवटी, तेही ग्रंथपालांकडूनच कळलं. अशा बाईने आता स्वतःच्या खिडकीसाठी तोंड उघडलं, तर इतकी वर्षं ती गप्प होती ती काय, नुसता स्वतःचा तोटा नव्हता म्हणून? हा प्रश्न मावशींनी स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलं नाही. त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. एक पातेलं त्या दिवशी तीनदा घासलं गेलं.

दुसऱ्या दिवशी घरमालक कच्ची प्रत बघायला आले. हात लांब करून त्यांनी पान धरलं, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. वाचत नव्हते, पाहत होते. वाचायचं काय, मजकूर त्यांचाच होता.

"अक्षर तेच आहे ना?"

"तेच," मावशी म्हणाल्या.

"मग पत्रिकेसारखं का वाटत नाही? जरा कोंदट दिसतंय, नाही का? जड वाटतं. लोकांच्या हातात पडल्यावर प्रसन्न वाटायला हवं. ते मोकळं करा ना थोडं."

"मोकळं करू?"

"करा. पण पान एकच."

"कुठे मोकळं करू?"

"ते तुम्हाला कळतं, मावशी. त्यात माझं काय डोकं चालणार?"

एवढं बोलून ते गेले. अण्णा हिशेबाच्या वहीत मान घालून बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मावशी दुपारचा डबा न उघडता खणांपाशी उभ्या राहिल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी मनात पुन्हा तपासून पाहिल्या. बाहेर बोलायचं नाही, ठीक. मजकुरातला काना हलवायचा नाही, ठीक. जागा जुळाऱ्याची, आणि ती सोडायला खुद्द गिऱ्हाइकाने सांगितलेलं. पण असंही होतं, की ती जागा त्या सगळीकडे सारखी वाटून टाकू शकत होत्या. पान प्रसन्न दिसलं असतं, नववं कलम तरीही लपून राहिलं असतं, आणि कुणी त्यांना कधी बोल लावला नसता. म्हणजे आता जे काय होईल ते घरमालकांनी सांगितलं म्हणून होणार नव्हतं, मावशींनी ठरवलं म्हणून होणार होतं. शेलाटीसारखी त्यांनीही सगळी हयात चवड्यांवर काढली होती. कुठे पाऊल वाजवायची वेळच आली नव्हती.

एका पानात नवी जागा आणायची तर जुनी कुठून तरी काढावी लागते. त्यांनी प्रेमळपणाच्या सात ओळी घेतल्या आणि शब्दांमधल्या जागा किंचित आवळल्या. सातच्या सहा झाल्या. कुटुंब आणि जिव्हाळा जरा दाटीवाटीने बसले, पण कुटुंबात चालायचंच. पायपुसण्यांची एक ओळ वाचली. सायकलींची एक, गच्चीच्या किल्लीच्या दोन. तळाची कोरी पट्टी एका ओळीने कमी केली. जमलेल्या सहा ओळींची जागा त्यांनी शिशाच्या कोऱ्या पट्ट्यांनी भरली: तीन नवव्या कलमाच्या वर, तीन खाली. अक्षर तेच, आकार तोच, शब्द तेच. नुसतं त्याच्या भोवती अंगण झालं.

अण्णांनी नवी प्रत काढली. या वेळी त्यांना बोट फिरवावं लागलं नाही. त्या पानावर डोळा दुसरीकडे जायलाच तयार नव्हता. गर्दीत जी शेलाटी करडा रंग होऊन बसली होती, तीच आता पांढऱ्यात एकटी उभी होती, ताठ, बारीक आणि स्वच्छ. पैलवानात छापलं असतं तर लोकांनी जाहिरात समजून सोडून दिलं असतं. हे मात्र वाचावंच लागत होतं, कुणी कुजबुजलं की कान टवकारतात तसं.

"जागा इथेच?" अण्णांनी विचारलं.

"मोकळं करा म्हणाले."

"ते मी ऐकलं." अण्णांनी हिशेबाची वही उघडली आणि मिटली. मोठं गिऱ्हाईक होतं. घरमालकांच्या दोन इमारती आणखी होत्या, धाकट्या मुलीचं लग्नही व्हायचं होतं. शेवटी ते म्हणाले, "जागेत मी पडायचं नाही, असं वडील सांगून गेलेत. दाखवा त्यांना. पसंत पडलं तर मी स्वतः छापतो. दाब हलका ठेवायला हवा, रेघ तुटता कामा नये."

घरमालकांना ते पाहताक्षणी पसंत पडलं. हात लांब करून ते म्हणाले, "आता कसं! पान अगदी श्वास घेतंय." आणि कोपऱ्यात "छापा" असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. मावशी समोरच उभ्या होत्या. एकदा त्यांच्या तोंडात आलं, की मालक, चष्मा लावून बघा. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"चष्मा लावून बघून घ्या एकदा."

"तुमच्यावर भरवसा आहे," घरमालक म्हणाले.

रविवारी दहा वाजता तळमजल्याच्या बोळात टेबल मांडलं गेलं. घरमालक खुर्चीवर, समोर छापलेल्या करारांचा गठ्ठा, वर दोन पेनं. एकेकाला कागद मिळाला. मावशी आपल्या दारात उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. आत सव्वीस घड्याळं टिकटिकत होती आणि त्यांना ती पहिल्यांदाच मोठ्याने ऐकू आली.

घड्याळजी रीतीप्रमाणे पहिले. त्यांनी पेन उचललं, खाली वाकले, आणि सही कुठे करायची ते शोधताशोधता त्यांची नजर मधे अडकली. ते भिंग घरी ठेवून आले होते, तरी अडकली.

"तीस दिवस?" ते म्हणाले.

तोवर वन्संनी ती प्रत उचलून हाताच्या अंतरावर धरली होती. वन्संनी आयुष्यात करार सोडा, दुधाची चिठ्ठीही पुरती वाचलेली नाही.

"हे मधलंच असं एकटं का उभं केलंय?" त्यांनी सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं विचारलं. "ह्याच्याशी कुणी बोलत नाही का?" आणि मग त्यांनी ते मोठ्याने वाचलं. शेवटचा शब्द संपल्यावर त्यांनी घरमालकांकडे पाहिलं. "म्हणजे तीस दिवसांत चालू पडा, आणि का ते विचारू नका. मालक, पायपुसण्यांचं कारण दिलंत तुम्ही इथे. ओली राहिली तर वास येतो म्हणून. आमचं कारण पायपुसण्याइतकंही नाही?"

शिंपीणबाई हसल्या, मग कुणीच हसलं नाही. ग्रंथपाल पुढे झाले. त्यांनी खिशातून जुना करार काढला, तो त्यांनी अर्थातच क्रमांक घालून जपून ठेवला होता, आणि त्यातलं "एक वर्ष" टेबलावर ठेवून बोट लावून दाखवलं. मग तो कागद एकामागून एक बाराजणांच्या हातून फिरला. कुणी आवाज चढवला नाही. पेनं मात्र कुणी उचलली नाहीत. घड्याळजींनी तर हातातलं पेन टोपण लावून परत जागेवर ठेवलं, घड्याळाचा पट्टा ठेवतात तसं, सरळ रेषेत.

घरमालकांनी खिशातून चष्मा काढला आणि लावला. आपणच पसंत केलेलं पान ते पहिल्यांदा वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा खरंच वडिलांसारखा दिसायला लागला. पाचेक मिनिटं त्यांनी समजावून पाहिलं, की ही नुसती कायद्याची भाषा असते, मनावर घेऊ नका. "मग काढायला काय हरकत?" ग्रंथपालांनी विचारलं. घरमालकांनी पेनाचं टोपण काढलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने बाराही प्रतींतलं नववं कलम खोडलं, त्याच्या भोवतीच्या कोऱ्या जागेत "पूर्वीप्रमाणे एक वर्ष" असं लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. लिहायला जागा ऐसपैस होती. मग बाराजणांनी सह्या केल्या.

लोक वर गेल्यावर त्यांनी गठ्ठा आवरला आणि दारातल्या मावशींपाशी येऊन उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण मऊही राहिला नव्हता.

"मावशी, तुमच्यावर विश्वास टाकला होता मी. छापखान्याची रीत मोडलीत तुम्ही. धाकटीची पत्रिका आता तिथे होणार नाही, अण्णांना सांगा."

मावशींना ते लागलं. अण्णांचं काम गेलं होतं आणि ते त्यांच्या हाताने गेलं होतं. त्यांनी पदरातले हात सोडवले, चवडे जमिनीवर नीट टेकवले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला तोंडावर उत्तर दिलं.

"तुमचा एक शब्द मी बाहेर नेला नाही, मालक, आणि आतला एकही हलवला नाही. तुम्ही मोकळं करा म्हणालात, मी केलं. आता त्या मोकळ्या जागेत लोकांची नजर राहायला आली, त्याला मी काय करू? फारच खुपत असेल, तर तिला द्या तीस दिवसांची नोटीस."